बुरुजाचा खर्च कुणाच्या नावावर?

आजचं वचन : लूक १४:२५-३३



आजचा उतारा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. येशूच्या मागे लोकांची झुंबड चालली आहे. एवढी गर्दी बघून दुसरा कुणीही खूश झाला असता. येशू मात्र मागे वळतो आणि गर्दी पांगेल असंच बोलतो. आईबाप, बायको, मुलं, भाऊबहिणी, इतकंच काय स्वतःचा जीव, यांचा जो द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही, असं तो म्हणतो. आणि लगेच दोन अगदी व्यवहारातले दाखले देतो. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी खाली बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो. लढाईला निघालेला राजाही आधी बसतो आणि आपल्याकडे माणसं किती ते मोजतो. दोन्हीकडे ‘आधी बसणं’ आहे. एरवी ‘ऊठ, चल’ म्हणणारा प्रभू इथे बसायला सांगतोय, हे मला नेहमीच गंमतीचं वाटतं.

आज त्या हिशेबापाशीच थांबू या. कॅम्पच्या शेवटच्या रात्री, गिटार हळू वाजत असताना, हे वचन आपण कितीदा ऐकलंय! प्रत्येक वेळी प्रश्न एकच असतो : तू प्रभूसाठी काय सोडशील? हात वर होतात, डोळे भरून येतात. त्यात खोटं काही नसतं. पण बुरुजाचा खर्च नेमका कुणाच्या खिशातून जाणार, हे त्या रात्री कुणी विचारत नाही.

मध्यंतरी एका बहिणीचा मेसेज आला. मूळ सांगली जिल्ह्यातली, नोकरी पुण्यात. तिच्या मोठ्या भावाने चांगली नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा पत्करली. मंडळीत त्याच्यासाठी खास प्रार्थना झाली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून गावाकडच्या घराच्या कर्जाचा हप्ता हिच्या खात्यातून जातो. आईचं औषधपाणी हिच्याकडे. हिच्या लग्नाचा विषय ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून दोन वर्षं मागे पडला. तिने तक्रार केली नव्हती. फक्त विचारलं होतं : ‘दादाने वधस्तंभ उचलला असं सगळे म्हणतात. मग मी जे उचलतेय, त्याला काय म्हणायचं?’

तिला मी एवढंच कळवलं की प्रार्थना करतोय आणि जरा वेळ दे. आज लिहितोय ते तिच्यासाठीच आहे, पण मला वाटतं आपल्यातल्या अनेकांच्या घरात ही बहीण आहे.

हा प्रश्न काही फक्त ख्रिस्ती घरातला नाही. साताऱ्याजवळचा सज्जनगड तुम्हाला माहीत आहे. समर्थ रामदासांची गोष्ट आपण शाळेतच ऐकलेली असते : लग्नाच्या मंडपात भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि नारायण खरोखरच सावध होऊन पळाला. गोष्ट त्याच्या मागोमाग धावते, नाशिकला, टाकळीला, पुढे गडापर्यंत. अंतरपाटाच्या पलीकडे जी मुलगी उभी होती तिच्यापाशी आपण कुणी थांबत नाही. देहूलाही तेच. तुकोबांचं वैराग्य आपण गातो, आणि घरात दाणे आहेत की नाहीत हे बघणाऱ्या जिजाईला मात्र कजाग ठरवून मोकळे होतो. मी हे समर्थांना किंवा तुकोबांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. वैराग्याची गोष्ट सांगताना घरात उरलेल्या माणसाकडे पाठ करून बसायची आपल्याला जुनी सवय आहे, एवढंच.

आता आपल्या माणसाकडे येऊ. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांच्या आयुष्याचं शेवटचं पर्व साताऱ्यातलं आहे. हे आपल्या पिढीतल्या पुष्कळांना माहीतच नसतं. आपल्याला ते भजनांच्या पुस्तकापुरते ठाऊक. कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, त्यानंतर वीसेक वर्षं अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम. शिकवणं, उपदेश, ‘ज्ञानोदय’चं मराठी संपादन, आणि कविता तर चालूच. मग १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, या गृहस्थाने मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतल्याचं जाहीर केलं आणि साताऱ्याला येऊन ‘देवाचा दरबार’ उभारला. दरबार म्हणजे ख्रिस्ताच्या शिष्यांचा बंधुवर्ग, आणि त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा! शंभर वर्षांपूर्वी! आजसुद्धा आपल्या मंडळ्यांत हे बोललं तर कमिटीची मीटिंग लागेल.

पगाराचा मुद्दा टिळकांना का टोचत होता हे समजून घेण्यासारखं आहे. परदेशी मिशनच्या पैशावर आणि मिशनच्या हुकमतीखाली चालणारी मंडळी या मातीत स्वतःच्या पायावर कशी उभी राहणार, हा त्यांचा सल होता. पगारी उपदेशकाच्या तोंडचा येशू आणि हातात काही नसलेल्या माणसाच्या तोंडचा येशू, ऐकणाऱ्याला यातला फरक कळतो, हे कीर्तन-अभंगांत वाढलेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आजच्या उताऱ्यातलं शेवटचं वचन, आपलं सर्वस्व सोडण्याचं, त्यांनी शब्दशः घेतलं. मला ते खरंच फार मोठं वाटतं. दरबार पुढे टिकला नाही, कारण ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. दोन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत. त्यांचा बुरूज अर्धवट राहिला म्हणून कुणी हसायचं असेल तर हसो.

पण टिळकांच्या घरात एक व्यक्ती अशी होती, जिने हिशेब लिहून ठेवला.

लक्ष्मीबाई. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागलं. तुम्ही वाचलं नसेल तर हे मनन इथेच ठेवा आणि आधी ते मिळवा. मराठीत इतकं हसवणारं आणि हसता हसता घशात आवंढा आणणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. नवरा कवी, उदार आणि तापट. घरातलं काय कधी कुणाच्या हाती देऊन येईल याचा नेम नाही. पाहुण्याला नाही म्हणणं त्याला ठाऊकच नाही. आणि चूल बाईंना पेटवायची आहे! टिळकांची थोरवी त्या लपवत नाहीत, आणि त्या थोरवीचा खर्चही लपवत नाहीत. पानापानावर जमा आणि नावे.

त्यातला सर्वात मोठा आकडा १८९५ चा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो बायकोला आधी न सांगता. त्या काळातल्या ब्राह्मण घरातल्या स्त्रीसाठी याचा अर्थ काय होता ते डोळ्यांसमोर आणून बघा. नवरा जिवंत, पण गेल्यात जमा. विधवेचं दुःख आहे, पण विधवा म्हणून कुणाला रडायचीही सोय नाही. पदरात लहानगा मुलगा. नातेवाइकांच्या आधाराने काही वर्षं काढली. मग त्या टिळकांकडे परत आल्या, पण लगेच त्यांच्या धर्मात गेल्या नाहीत. जातीचं काय, सोवळ्याचं काय, हे सगळं स्वतःशी भांडून, स्वतःच्या पायांनी चालत त्या तिथे पोचल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता मला सांगा, टिळक चुकले का?

माझं मत सांगतो, तुम्हाला पटलं नाही तर कळवा. ख्रिस्ताला ‘हो’ म्हणायला टिळकांना बायकोची परवानगी लागत नव्हती. विवेकाच्या गोष्टीत घरच्यांची सही घ्यायची म्हटली, तर या देशात फारच थोडी माणसं येशूच्या मागे गेली असती. तुमच्यापैकी ज्यांनी घरचा विरोध सोसून प्रभूला धरलंय त्यांना हे सांगायला नको. पण त्यांचं न सांगणं, ते मला पटवून घेता येत नाही. घरावर आभाळ कोसळणार हे ज्याला आधी माहीत आहे, त्याने छपराखाली झोपलेल्याला उठवायला नको?

पण माझ्या मताला किती किंमत! शुभवर्तमान काय म्हणतं ते बघू. मी यासाठी मार्ककृत शुभवर्तमान पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि काही बारीक गोष्टी अशा दिसल्या की ज्या आपण घाईत ओलांडून जातो.

मार्क १:२०. याकोब आणि योहान बापाला, जब्दीला, तारवातच सोडून येशूच्या मागे जातात. यावर मी दहा तरी उपदेश ऐकले असतील. पण त्याच ओळीत मार्क सांगतो की जब्दीजवळ मोलकरी होते. म्हणजे म्हातारा एकटा जाळी ओढत बसला नाही. मार्क हा काटकसरीने लिहिणारा माणूस, उगाच शब्द खर्च करत नाही. त्याला हे सांगावंसं वाटलं. आणि त्यानंतर नऊच वचनं पुढे गेलं की येशू कुठे असतो? जाळी टाकून आलेल्या शिमोनाच्या घरी, त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूच्या उशाशी. ज्याचं घर सोडवलं त्याच्याच घरी तो आधी जातो. पुढे पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा ओघात कळतं की केफा, म्हणजे आपला पेत्र, बायकोला बरोबर घेऊन फिरत असे (१ करिंथ ९:५). पेत्राने ‘आम्ही सगळं सोडलं’ म्हटलं खरं, पण त्या ‘सगळ्यात’ बायको नव्हती.

आणि मार्क ७:९-१३. हा उतारा यूथ कॅम्पला कुणी घेत नाही. येशूच्या काळी एक पळवाट होती : आईबापांना जे द्यायला हवं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून टाकायचं. झालं, मग आईबापांसाठी काही करायला नको. वर धार्मिक म्हणून नाव. येशू यावर चिडतो. तुम्ही देवाची आज्ञा मोडायला देवाचंच नाव वापरता, असा त्याचा रोख आहे. ज्या ओठांनी त्याने आईबापांचा ‘द्वेष’ करायला सांगितलं, त्याच ओठांनी हे सांगितलं. मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

मला असं समजतं. ‘द्वेष’ ही त्या लोकांची बोलण्याची रीत होती. मत्तय तेच वचन ‘माझ्यापेक्षा जास्त प्रीती’ अशा शब्दांत देतो (मत्तय १०:३७). म्हणजे घरच्यांच्या हातातून येशू एक गोष्ट काढून घेतो : त्याच्या हाकेला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार. त्यांच्या ताटातली भाकरी तो काढून घेत नाही. भाकरीला हात लावला की ते कुर्बान झालं. आणि आजच्या उताऱ्यातलं तेहेतिसावं वचन पाहा. आपलं सर्वस्व सोडायचं आहे. आपलं! माझा पगार, माझी झोप, माझं नाव, चारचौघांत माझी ताठ मान. बहिणीचा पगार माझ्या सर्वस्वात येतच नाही. तिचं तारुण्य मी देवाला वाहू शकत नाही, कारण ते माझं नाही. जे माझं नाही ते उचलून वेदीवर ठेवणं याला आपल्या गावाकडे दुसरा शब्द आहे.

इथे कुणी म्हणेल, मग बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला प्रभूने का थांबवलं? घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्याला नांगराची गोष्ट का ऐकवली (लूक ९:५९-६२)? बरोबर आहे. हे उत्तर माझ्या मांडणीत पूर्ण बसत नाही, आणि ओढूनताणून बसवायचं मला नाही. अलीशाला एलीयाने आईबापांचा मुका घेऊन यायला जाऊ दिलं होतं. येशूने तेवढंही दिलं नाही. काही हाका अशा असतात की त्या ऐकल्या की घर हादरतंच, कितीही हिशेब केला तरी. लक्ष्मीबाईंना आधी सांगितलं असतं तरी त्या रडल्याच असत्या. जपून, कुणाला धक्का न लावता, सगळ्यांच्या सोयीने मागे येता येईल असा येशू मला चारही शुभवर्तमानांत कुठे भेटला नाही. म्हणून त्या बहिणीच्या भावाला मी ‘परत नोकरी धर’ असं सांगणार नाही. त्याला हाक आली असेल. मी कोण?

पण एक गोष्ट मी त्याला नक्की सांगेन. लूक ८:१-३ वाच. येशू आणि ते बारा जण गावोगाव फिरत होते. खात काय होते? लूक नावं देतो : मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना, आणि आणखी पुष्कळ बाया. त्या आपल्या पैशाने यांचा खर्च चालवत होत्या. लूकला हे सांगायची लाज वाटली नाही. त्याने हिशेबाची वही उघडी ठेवली आणि खर्च ज्यांनी केला त्यांची नावं शिष्यांच्या शेजारी, त्याच वाक्यात लिहिली. आपल्याकडे ज्याने नोकरी सोडली त्याच्या साक्षीचा व्हिडिओ निघतो. हप्ता कोण भरतंय ते त्यात नसतं.

‘सोडणं’ हेच शिष्यत्वाचं एकमेव माप का धरायचं, असंही मला कधीकधी वाटतं. साताऱ्याहून कृष्णेच्या काठाने खाली सांगली-मिरजेला गेलं की दुसऱ्याच तऱ्हेचं माप दिसतं. डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून आले, आधी सांगलीत काम सुरू केलं, १८९४ साली मिरजेला इस्पितळ उघडलं आणि १९२८ पर्यंत तिथेच. पगार घेऊन! जवळपास चाळीस वर्षं तेच मोतीबिंदू, तीच गळवं, क्षयाच्या रोग्यांसाठी काढलेलं ते आरोग्यधाम, ज्याच्यावरून आजही त्या भागाला वॉन्लेसवाडी म्हणतात. मिरज आज डॉक्टरांचं गाव म्हणून ओळखली जाते त्याची मुळं तिथे आहेत. त्यांनीही घरदार समुद्रापलीकडे सोडलंच होतं. पण मिरजेत कुणी त्यांना काय सोडून आलात म्हणून आठवत नाही. नांगराला हात घातला आणि सरी संपेपर्यंत काढला नाही, असं ते शिष्यत्व. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, रात्रपाळ्या करून घरी पैसे पाठवणाऱ्या नर्सेसच्या पिढ्या तर कुठल्या साक्षीतही नाहीत. माझ्या हिशेबात त्या टिळकांच्या बरोबरीने आहेत. टिळक स्वतःही नाही म्हणाले नसते.

पुन्हा साताऱ्याला येतो. १९१७ ला टिळकांनी संन्यास घेतला तेव्हाही खर्च लक्ष्मीबाईंच्याच नावावर पडला, कारण पगार थांबला तरी दरबाराला येणाऱ्याजाणाऱ्यांचं पोट थांबत नाही. पण १८९५ आणि १९१७ मध्ये एक फरक होता. या वेळी त्या साताऱ्यात होत्या. कुरकुरल्या असतील, टिळकांना चार शब्द ऐकवले असतील (नसतील तर त्या लक्ष्मीबाई कसल्या!), पण बुरुजाच्या पायापाशी उभ्या होत्या, त्यांना काय बांधलं जातंय हे ठाऊक होतं. बावीस वर्षांत त्या नवऱ्यामागे फरफटत गेलेली बायको राहिल्या नव्हत्या, त्याच गुरूच्या दुसऱ्या शिष्या झाल्या होत्या. टिळक ‘ख्रिस्तायन’ अर्धवट टाकून गेले, दहा-अकरा अध्यायांवर. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या या बाईने पुढचे ६४ अध्याय लिहिले.

तर ताई, तुझा मेसेज पुन्हा उघडून बसलोय. तू जे उचलतेस त्याला काय म्हणायचं असं विचारलं होतंस. तुला कुणी विचारलं नाही, हे चुकलं. ते चूक म्हणायला तू घाबरू नकोस, त्याने प्रभूचा अपमान होत नाही. भावाला समोर बसव, खरोखर खाली बसव, आणि हप्त्याचा कागद मध्ये ठेव. त्याच्या सेवेला मदत करणाऱ्यांनाही तो कागद दिसू दे. मंडळी टाळ्या वाजवू शकते तर औषधाच्या बिलातही हात घालू शकते. आणि त्यानंतरही त्यातलं काही तू स्वतःच्या खुशीने उचलायचं ठरवलंस, तर ते योहान्नाचं काम आहे. मग ते दादाच्या वधस्तंभाचं ओझं राहत नाही, तुझा स्वतःचा वधस्तंभ होतो. त्याला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, हे प्रभू तुलाच विचारेल. दादामार्फत नाही.

प्रार्थना : प्रभू येशू, आज आम्ही त्या घरांसाठी प्रार्थना करतो जिथून कुणी तुझ्या मागे निघून आलं आहे. तारवात राहिलेल्या जब्दीसाठी. तापाने पडलेल्या सासूसाठी, जिच्या उशाशी तू गेलास. ज्यांच्या खात्यातून या महिन्याचा हप्ता जाणार आहे त्यांची नावं तुला माहीत आहेत. आमेन.

उद्याचं वचन : मार्क १०:१७-३१